सुमनचा व्हॉल्व्ह आणि माझा हट्ट

"यांना दमा नाही."

एको करणाऱ्या डॉक्टरनं पडद्यावरची नजर न काढता एवढंच म्हटलं. एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. छातीला थंडगार जेली लावून एक यंत्र फिरवतात आणि आतलं हृदय पडद्यावर हलताना दिसतं. माझी बायको सुमन डाव्या कुशीवर पडलेली होती आणि मी तिच्या चपला हातात धरून कोपऱ्यात उभा होतो. चार वर्षं आम्ही दम्याचे पंप ओढले होते. दही बंद, केळी बंद, थंड पाणी बंद. कन्नड गावच्या तिच्या माहेरच्यांनी सांगितले ते सगळे काढे पिऊन झाले होते. आणि आता हा सांगतोय, दमाच नाही म्हणून.

माझं डोकं आधीच तापट. मी म्हणालो, "मग चार वर्षं काय झक मारली व्हय आम्ही?"

तो चिडला नाही. म्हणाला, "तुमची चूक नाही. ह्या आजारात लागणारा दम अगदी दम्यासारखाच दिसतो. भलेभले फसतात." मग त्यानं मास्क खाली ओढला. "काका, ओळखलं नाही का? मी करमाडचा. गिरणीवाल्या विठ्ठलरावांचा प्रल्हाद."

आता आली का पंचाईत! माझं गाव करमाडच्या शिवारालाच लागून. विठ्ठलरावांच्या गिरणीत मी जवारीचे डबे घेऊन शंभर खेपा केलेल्या. हा तिथं पोत्यावर बसून पाढे म्हणायचा, भुवयांवर पीठ बसलेलं. तो हृदयाचा डॉक्टर झालाय हे ऐकून होतो. कौतुकही वाटलं होतं. पण कौतुक वेगळं आणि आपली बायको त्याच्या हाती देणं वेगळं. ही गोष्ट त्या फरकाचीच आहे, म्हणून आधी सांगून टाकली.

प्रल्हादनं मला पडदा दाखवला. हृदयाच्या डाव्या बाजूला वरच्या आणि खालच्या कप्प्याच्या मध्ये एक झडप असते, तिला मायट्रल व्हॉल्व्ह म्हणतात. निरोगी माणसाची ही झडप उघडली की दोन बोटं आरामात जातील एवढी वाट होते. सुमनची वाट जाड पेन्सिल जाईल एवढीच उरली होती. याला मायट्रल स्टेनोसिस म्हणतात, म्हणजे झडप आकसणं. रक्त पुढं सरकत नाही, मागं फुप्फुसात तुंबतं आणि माणसाला दम लागतो.

"मावशी, लहानपणी कधी घसा दुखून ताप आला होता का? सांधे सुजले होते?" त्यानं विचारलं.

सुमन म्हणाली, "आला होता की. नऊ वर्षांची होते. गुडघे अशे फुगले होते, शाळा बुडाली. आई निर्गुडीच्या पाल्यानं शेकायची."

तोच तो संधिवाताचा ताप. गुडघे बरे झाले, पण तो ताप जाता जाता हृदयाच्या झडपेला चावून गेला, आणि ते चाळीस वर्षांनी कळलं. तुमच्या घरात कुणाला जिना चढताना दम लागत असेल, आडवं झाल्यावर खोकला येत असेल, तर दमा दमा म्हणून बसू नका. एकदा एको करून घ्या. माझं ऐका, मी शहाणपण शिकवायच्या लायकीचा नाही, पण ह्या एका गोष्टीत माझं ऐका.

उपाय होता. छाती फाडायची गरज नव्हती. जांघेतल्या शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, तिच्या टोकाला मिटलेला फुगा असतो, तो झडपेत नेऊन फुगवायचा, झडप मोकळी करायची आणि फुगा मिटवून बाहेर काढायचा. याला बलून म्हणतात. प्रल्हाद म्हणाला, "तीन आठवड्यांनी आमच्याकडं परदेशातली टीम येते. दरवर्षी येते. त्याच आठवड्यात मावशींचं करून टाकू."

परदेशातली टीम म्हटल्यावर माझ्या जिवात जीव आला.

प्रल्हादच्या, म्हणजे जालना रोडवरच्या ट्रस्टच्या दवाखान्यात ही माणसं दर हिवाळ्यात आठ-दहा दिवसांसाठी येतात. पंधरा-सोळा जण. डॉक्टर, नर्स, मशीनवाले. आपापल्या नोकरीतली रजा टाकून येतात, आणि येताना खोकी भरभरून फुगे, नळ्या, झडपा, औषधं आणतात. ज्या दिवशी आली त्या दिवशी मी तिथंच होतो, सुमनच्या रक्ताच्या तपासण्या चालू होत्या. मला वाटलं आता हार-तुरे होतील, भाषणं होतील. कसलं काय! मुंबईहून गाडीनं दिवसभर हाडं खिळखिळी करून उतरली, तोंडावर पाणी मारलं आणि सरळ वॉर्डात शिरली. एक टक्कल पडलेला मशीनवाला तर फरशीवर उताणा झोपून एकोच्या मशीनखाली घुसला, तो जेवायच्या वेळेलाच बाहेर आला. मी जन्मभर चितेगावच्या कारखान्यात मशीनवर काढलेला माणूस. असा कपड्यांची फिकीर न करणारा कारागीर दिसला की माझा हात आपोआप सलामाला वर जातो.

त्यांची एक उंच नर्स होती. तिला मराठीचे तीनच शब्द येत होते, 'दुखतंय का, ताई?' आजोबांनाही ती ताईच म्हणायची. सगळा वॉर्ड खुदखुदायचा, पण तिनं विचारल्यावर माणसं खरं सांगायची. आपल्याकडं डॉक्टरला 'बरं हाय' म्हणून सांगायची खोडच असते. हिच्यापुढं सगळे मोकळे व्हायचे.

आणि त्यांचे मोठे डॉक्टर, पीटर. सत्तरीच्या आसपासचे, पांढऱ्या भुवया, आवाज इतका हळू की ऐकायला वाकावं लागायचं. प्रत्येक पेशंटच्या खाटेपाशी खुर्ची ओढून बसायचे. उभ्यानं बोललेले मी त्यांना पाहिलं नाही. सुमनपाशी बसले, तिचं नाव नीट म्हणता येईपर्यंत दोनदा विचारून घेतलं. मी मनात म्हटलं, झालं, आपलं काम झालं.

त्यांच्या खोलीबाहेर भिंतीवर एक मोठा पांढरा फळा होता. मला तो वाचायचा नाद लागला. डाव्या बाजूला कामं लिहिलेली आणि उजव्या बाजूला नावं. सिस्टर सुनंदांनी मला त्याचं मर्म सांगितलं. या सुनंदा सिस्टर म्हणजे दवाखान्यातल्या मुख्य नर्स, पैठणकडच्या, जिभेला हाड नसलेल्या. पहिल्या वर्षी सगळ्या कामांपुढं परदेशी नावं होती. दरवर्षी निघताना पीटरसाहेब एकेका कामापुढचं आपल्या माणसाचं नाव खोडायचे आणि तिथं इथल्या माणसाचं लिहायचे. अतिदक्षतेपुढं सुनंदाचं नाव आलं. एकोपुढं इथल्या सोनोग्राफीवाल्या शेखसाहेबांचं आलं. आणि 'बलून' या कामापुढं पीटरचं नाव खोडून प्रल्हादचं लिहिलेलं होतं.

"म्हणजे बलून कोण करणार?" मी विचारलं.

"प्रल्हाद सर. पीटर सर मागं उभे असतात."

माझं टाळकंच सरकलं.

दुसऱ्या दिवशी सुमनची टीईई झाली. घशातून नळी घालून हृदयाची मागच्या बाजूनं सोनोग्राफी करतात, आत कुठं रक्ताची गुठळी नाही ना हे बघायला. गुठळी असेल तर बलून करता येत नाही, कारण धक्का लागून ती सुटली तर मेंदूत जाते. सुमनचं हृदय स्वच्छ होतं. उद्या सकाळी पहिला नंबर तिचा. संध्याकाळी सिस्टर संमतीचा कागद घेऊन आल्या. प्रल्हाद होता, पीटरसाहेब हात कोटाच्या खिशात घालून खुर्चीवर बसलेले होते.

मी म्हणालो, "बलून पीटरसाहेबांनी करायचं असंल तर सही. नाय तर नाय."

प्रल्हाद समजावायला लागला. "काका, सर पूर्ण वेळ माझ्या मागं उभे असतील."

"मागं उभं ऱ्हायला येवढ्या लांबून कशाला आले मग? तू तर बारा महिने हितंच हाय. तुझ्याकडून करायचं असतं तर आम्ही तीन आठवडे वाट कशाला पाहिली असती?"

प्रल्हादनं तोंड उघडलं. पीटरसाहेबांकडं पाहिलं. परत मिटलं. मला वाटलं, सापडला! उत्तर नाही याच्याकडं. मी आणखी चढलो. म्हणालो, "गिरणीवाल्याच्या पोरानं शिकायला माझीच बायको सापडली का?"

हे मी बोललो. लिहितानाही कान गरम होतात. पण अनुभव सांगायला बसलो तर आपलं तेवढं गाळून कसं चालेल?

पीटरसाहेबांना भाषा कळत नव्हती, सूर कळत होता. त्यांनी सिस्टरकडून सांगायला लावलं, की संमती पेशंटची लागते, नवऱ्याची नाही. बाईंना काय वाटतं?

सुमननं पेन उचललं. माझ्याकडं पाहिलं. मी काही बोललो नाही, पण तीस वर्षांच्या संसारात बोलायची गरज उरत नाही. तिनं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू. हे म्हणतात तसं."

प्रल्हाद एवढंच म्हणाला, "काका, एक वर्ष थांबण्यासारखी ही झडप नाही. टीम गेल्यावरही मी इथंच आहे. राग धरू नका आणि कधीही या." सुमनची जागा सिल्लोडच्या एका बाईला मिळाली. शेजारच्याच खाटेवरची. आम्ही सामान बांधत होतो तेव्हा ती स्ट्रेचरवरून गेली, आणि तिसऱ्या दिवशी म्हणे स्वतःची पिशवी स्वतः उचलून एसटी स्टँडला गेली.

तीन-साडेतीन महिने गेले. वैशाखात सुमनच्या भाच्याचं लग्न होतं कन्नडला. मांडवात हळद चालू होती. सुमन पाट उचलायला वाकली आणि तशीच बसली. छातीवर हात ठेवून म्हणाली, "अहो, आत काहीतरी सैरावैरा पळतंय." मी मनगट धरलं. नाडी लागतच नव्हती धड. दोन ठोके पटापट, मग गडप, मग तीन. लग्नातल्याच एका जीपमध्ये घातली आणि निघालो. वेरूळपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही. मी मनात सगळ्या देवांना शिव्या देत होतो आणि त्याच देवांच्या पायाही पडत होतो.

कुठल्या दवाखान्यात न्यायचं, असं ड्रायव्हरनं विचारलं. मी म्हणालो, जालना रोड. दुसरं नावच तोंडात आलं नाही.

प्रल्हाद धावत आला. 'काय काका, आता का आलात' असं त्याच्या चेहऱ्यावर कुठं दिसतं का, हे मी बघत होतो. नव्हतं. त्यानं सांगितलं, याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. झडप तुंबल्यानं वरचा कप्पा ताणला जातो आणि एका तालात धडकायच्या ऐवजी नुसता थरथरतो. औषधांनी ठोके आवरले. परत घशातून नळी घालून टीईई केली. यावेळी तो पडद्याकडं बराच वेळ पाहत राहिला.

"गुठळी झाली काका."

थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून राहतं आणि विरजण लागल्यासारखं घट्ट होतं. सुमनच्या हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात, एका खिशासारख्या कोपऱ्यात, बोराएवढी गुठळी होती. आता बलून करता येत नव्हतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या द्यायच्या, दर आठवड्याला आयएनआर नावाची रक्ताची तपासणी करायची, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते कळतं, आणि गुठळी विरघळायची वाट पाहायची. विरघळेलच असं नाही. आणि मधल्या काळात तिचा एखादा तुकडा सुटला तर अर्धं अंग लुळं पडू शकतं, वाचा जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो. हे त्यानं माझ्यापासून लपवलं नाही.

हिवाळ्यात हृदय स्वच्छ होतं. पेन तिच्या हातात होतं. मी बाहेर येऊन पाण्याच्या टाकीमागं उभा राहिलो आणि ढसाढसा रडलो.

आता तुम्हाला वाटेल, अक्कल आली असेल. छे! सुंभ जळला तरी पीळ जात नाही. दोन दिवसांनी मी प्रल्हादच्या खोलीत गेलो आणि हात जोडून म्हणालो, "गुठळी विरघळली की पीटरसाहेबांना बोलावून घे. हवं तर मी त्यांच्याशी बोलतो. एवढं केलंस तर जन्मभर उपकार मानीन."

प्रल्हादनं माझ्याकडं पाहिलं, मोबाइल काढला आणि व्हिडिओ कॉल लावला. सुनंदा सिस्टर आत होत्याच. पीटरसाहेब त्यांच्या घरातल्या स्वयंपाकघरात बसलेले दिसले. सुमनचं नाव त्यांना आठवत होतं. सगळं ऐकून घेतलं. मी सिस्टरला म्हणालो, "सांगा त्यांना, की बलून त्यांच्याच हातानं पाहिजे. म्हातारा माणूस हाय मी, माझी एवढी विनंती ऐका म्हणावं."

सिस्टरनं सांगितलं. पीटरसाहेबांनी उजवा हात वर करून कॅमेऱ्यापुढं धरला.

हात कापत होता. थांबतच नव्हता. चहाचा कप धरला असता तर अर्धा सांडला असता.

ते काहीतरी बोलले. प्रल्हाद टेबलावरचे कागद सारखे करायला लागला. मी विचारलं, "काय म्हणतात रं?" तो मान वर करेना. मग सिस्टरच म्हणाल्या, "त्यांना कंपवात आहे. तीन वर्षांपासून त्यांनी एकही बलून केलेलं नाही. ते म्हणतात, 'मी प्रल्हादला सांगितलं होतं, नातेवाइकांनी विचारलं तर खरं सांग. यांना सांगितलं नाही का?' ते म्हणतात, 'मी आता तिथं येतो ते शेजारी असावं म्हणून. शिकवण्यासारखं माझ्याकडं फार उरलेलं नाही.'"

फोन बंद झाला. मला माझीच लाज वाटायला लागली. ज्या हातासाठी मी बायकोचा नंबर सोडला, तो हात साधा चमचाही सरळ धरू शकला नसता. आणि हिवाळ्यात, कागदावर सही होत नव्हती तेव्हा, प्रल्हादनं एवढं एक वाक्य बोललं असतं तर मी गप्प बसलो असतो.

"का नाय सांगितलं?" मी विचारलं. "मी तुला नाय नाय ते बोललो, तुझा बाप काढला. तव्हा तरी सांगायचं."

तो म्हणाला, "काका, ते समोर बसले होते. त्यांनी माझा हात हातात धरून मला शिकवलं. त्यांच्या तोंडावर कसं सांगू, की यांचा हात कापतो? तीन आठवडे थांबलो तेही त्यांच्या खोक्यांतल्या फुग्यांसाठी. मला वाटलं, तुम्ही दोन दिवसांनी शांत झालात की याल." मग म्हणाला, "तुम्हाला बाहेर बोलावून सांगायला पाहिजे होतं. ती माझी चूक झाली. मावशींच्या बाबतीत मी ती विसरणार नाही."

चूक कुणाची आणि पदरात कोण घेतोय!

घरी येऊन सुमनला सगळं सांगितलं. ती उशीला टेकून लसूण सोलत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमच्या कारखान्यात ते जर्मनीचं मशीन आलं होतं. बसवायला गोरा आला होता ना?"

"आला होता. तीन आठवडे होता."

"मग बावीस वर्षं कुणी चालवलं?"

"मी."

"आणि नव्या मॅनेजरनं एकदा तुम्हाला न विचारता जर्मनीला फोन केला, तर तुम्ही दोन दिस जेवला नव्हता. मी ताट वाढून बसायची." लसणाची साल फुंकून टाकत ती म्हणाली, "त्या पल्हादनं किती दिस उपास केला असंल, विचारलं का त्याला?"

बाई कमी बोलते, पण बोलते तेव्हा चामडं सोलते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखाना उघडायच्या आधी प्रल्हादच्या दारात जाऊन बसलो. तो आल्यावर म्हणालो, "कागद दे. कुठं सही करायची?" तो हसून म्हणाला, "अजून वेळ आहे काका. आधी गुठळी जाऊ द्या." आणि मला कँटीनला नेऊन चहा पाजला. आमचं माफीचं बोलणं ते एवढंच.

पुढचे तीन महिने दर सोमवारी रक्ताची तपासणी. ज्यांना ह्या गोळ्या चालू असतील त्यांना एक सांगतो. पालेभाजी एकदम बंदही करू नका आणि मेथी स्वस्त झाली म्हणून आठवडाभर मेथीच खाऊ नका. रोज साधारण सारखी खा. आम्ही एकदा अंबाडीच्या भाजीवर ताव मारला आणि रक्त परत घट्ट झालं, तर सुनंदा सिस्टरनं दोघांना उभं करून शाळेतल्यासारखं झापलं. रोज सकाळी मी सुमनला हसायला लावायचो आणि दोन्ही हात वर करायला सांगायचो. तोंड वाकडं झालं नाही ना, हात पडत नाही ना, हे बघायला. ती म्हणायची, "जिवंत हाय हो, रोज रोज काय परीक्षा घेता?" मला मात्र तिनं दोन्ही हात वर केल्याशिवाय घास उतरायचा नाही.

पोळ्याच्या नंतर परत टीईई झाली. प्रल्हादनं मला आत बोलावलं, पडद्यावर तो खिशासारखा कोपरा दाखवला आणि म्हणाला, "बघा, स्वच्छ." शेखसाहेबांनीही वाकून पाहिलं. मी म्हणालो, नीट बघा हो, परत बघा. त्यांनी माझ्यासाठी परत बघितलं.

संमतीचा कागद आला. सुमननं पेन उचललं आणि माझ्याकडं न पाहता सही केली. बरं वाटलं.

बलून कॅथलॅबमध्ये करतात. ऑपरेशन थिएटरसारखीच खोली, फक्त वर एक्स-रेचा मोठा हात फिरत असतो. पेशंटला पूर्ण भूल देत नाहीत, जांघेपुरती देतात, म्हणजे माणूस जागा असतो. मी बाहेर बाकावर होतो. यावेळी परदेशी कुणी नव्हतं, फोनवरही नाही. करमाडचा प्रल्हाद, पैठणच्या सुनंदा सिस्टर, शहागंजचे शेखसाहेब. मी मनात सारखा एकच जप करत होतो, पोरा, तुझ्या हाताला यश दे रे देवा.

आत काय झालं ते सुमनच्या तोंडून ऐका. "छातीत क्षणभर सगळं थांबल्यासारखं झालं. डोळ्यापुढं अंधारी आली. पल्हाद म्हणाला, मावशी, दोन सेकंद. मग काहीतरी मोकळं झालं. शेखसाहेब मोठ्यानं झडपेचा आकडा बोलले आणि सगळे 'वा वा' म्हणाले. आणि मी श्वास घेतला तर तो खाली, पार तळापर्यंत गेला. किती वर्षांनी गेला असंल, मला रडूच आलं. पल्हाद घाबरला, म्हणे मावशी दुखतंय का? म्हटलं, नाय रं लेकरा, मोकळं वाटतंय."

प्रल्हाद बाहेर आला. झडप दुपटीहून जास्त उघडली होती. मी त्याचे पाय धरायला वाकलो, तर त्यानं मला वरच्या वर धरलं. म्हणाला, "काका, वडील काय म्हणतील मला!" मी त्याला मिठी मारली आणि विठ्ठलरावांचं नाव घेऊन परत रडलो. मी असा रडका नव्हतो. त्या वर्षानं केला.

आता सुमन बरी आहे. गोळ्या चालू आहेत आणि सहा महिन्यांनी एको करावा लागतो. ठोके अधूनमधून चुकतात, तेवढं जन्माचं दुखणं मागं राहिलं. पण दोन मजले न थांबता चढते, आणि वर जाऊन माझ्यावर ओरडायलाही दम शिल्लक असतो.

गेल्या हिवाळ्यात टीम आली नाही. पीटरसाहेबांनी कळवलं, की फळ्यावर आता खोडायला आमचं एकही नाव राहिलं नाही, म्हणून येत नाही. सुनंदा सिस्टर हे सांगताना रडत होत्या आणि हसतही होत्या. एवढ्या लांबून येऊन, पदरची रजा खर्चून, ज्यांनी स्वतःची गरजच संपवून टाकली, त्या माणसांना काय म्हणावं? मला शब्द सापडत नाही. देवमाणूस म्हणायचं तर देवही आपली गरज अशी संपवत नाही.

आणि त्याच आठवड्यात प्रल्हाद घरी निरोप घ्यायला आला. तो, सुनंदा सिस्टर आणि शेखसाहेब, तिघं आपापली रजा टाकून आफ्रिकेतल्या एका देशात निघाले होते. तिथं एक नवा दवाखाना आहे, तिथल्या डॉक्टरांना बलून शिकवायचं आहे. सुमननं त्याला वाटेत खायला धपाटे बांधून दिले. मला फार अभिमान वाटला. मी म्हणालो, "बघ सुमन, आपला पल्हाद आता त्यांचा परदेशी डॉक्टर झाला."

सुमन धपाट्यांना गाठ मारता मारता म्हणाली, "व्हय. आणि तिथं बी बाहेर बाकावर तुमच्यासारखा एखादा बसलेला असंलच. म्हणत असंल, आमच्या पोरानं हात लावायचा नाय, मला तो हिंदुस्थानातला डॉक्टरच पाहिजे."

आम्ही तिघंही हसलो. हसता हसता मला त्या माणसाची काळजी वाटायला लागली. त्याच्या शेजारी त्याची बायको बसलेली असेल, तिच्या हातात पेन असेल, आणि ती त्याच्याकडं पाहत असेल.

प्रल्हाद निघाला तेव्हा मी फाटकापर्यंत गेलो. म्हणालो, "तसा कुणी भेटला तर गप्प बसू नको. त्याला माझं नाव सांग. म्हणावं, असा एक आडमुठा आमच्याकडं होता, त्याच्या हट्टापायी त्याची बायको जाता जाता राहिली. एवढं सांगूनबी नाय ऐकलं, तर मला व्हिडिओ कॉल लाव. त्याला माझी भाषा कळायची नाय, पण मी काय बोलणारच नाय. मी हिला त्याच्यापुढं उभी करतो."